बाबांची भेट रात्रीऐवजी सकाळी

नमस्कार डॉक्टर ताई,

मी मूळची सांगलीची. सहा वर्षं झाली, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत राहते. नवरा मेक्सिकन कुटुंबातला, जन्म इथलाच. सासूबाई तरुणपणी मेक्सिकोतल्या ग्वानाहुआतोकडच्या एका खेड्यातून इकडे आल्या. त्या आमच्याकडेच असतात आणि त्यांच्या आधाराशिवाय माझी नोकरी टिकली नसती. लेक दोन वर्षं चार महिन्यांची आहे. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ९५ पर्सेंटाइलच्या वर गेलाय, म्हणजे तिच्या वयाच्या शंभर मुलींत पंच्याण्णवांपेक्षा जास्त. आणि पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नाही, झोपेचा. मला उत्तरच सुचेना. नवरा रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे, घरी यायला पावणेअकरा होतात. लेक साडेसातला डोळे चोळते, पण बाबा भेटावा म्हणून आम्ही तिला खेळवत ठेवतो. नऊनंतर ती परत घरभर पळायला लागते. बाबा आला की अर्धा तास दंगा, मग सासूबाई चॉकलेट घातलेल्या दुधाची बाटली देतात आणि ती पीतपीतच झोपते. तोवर साडेअकरा. पहाटे चारला उठून पुन्हा बाटली मागते. आठला डेकेअर असतं म्हणून सव्वासातला मी तिला उठवते. तिथे दुपारी दीड तास झोपते. आम्ही तिघं एकाच पलंगावर झोपतो. सासूबाई म्हणतात, पोर ‘येनीता’ आहे, म्हणजे छान भरलेली. सांगलीहून आई म्हणते, बाळसं आहे ते, दृष्ट लावू नका. झोपेचा आणि वजनाचा खरंच संबंध असतो का? एकत्र झोपतो हे चुकतंय का? आणि सासूबाईंना न दुखावता हे सांगायचं कसं?

– सांगलीची लेक, सॅन अँटोनिओची सून

तुमच्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला. संबंध आहे. आणि तुमच्या पत्रातच सगळा हिशेब आलाय. रात्रीचे पावणेआठ तास, त्यातून पहाटेचं उठणं वजा, वर दुपारचा दीड तास. म्हणजे जेमतेम नऊ तास. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं आणि इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही ते उचलून धरलं. तिसऱ्या वर्षापासून १० ते १३ तास. तुमची लेक रोज किमान दोन तास मागे पडतेय. मोठ्या माणसाचे दोन तास आणि दोन वर्षांच्या पोराचे दोन तास सारखे नसतात, हे मात्र आपण घरात विसरतो.

कोलोरॅडो विद्यापीठात केलेला एक छोटासा प्रयोग मी आईवडिलांना नेहमी सांगते. तीन-चार वर्षांची दहा मुलं. एक दिवस त्यांची दुपारची झोप चुकवली आणि रात्री निजायला उशीर केला, एकूण तीनेक तासांची तूट. त्या दिवशी ती मुलं रोजच्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त उष्मांक आणि २५ टक्के जास्त साखर खाऊन गेली. समोर खाणं रोजच्यासारखंच होतं, हवं तेवढं घ्या असं. अपुऱ्या झोपेच्या मुलाला भूक जास्त लागते आणि ती भाकरीची नसते, गोडाची असते. डेकेअरमधून आल्यावर तुमची लेक काय मागते ते दोन दिवस टिपून ठेवा. माझा अंदाज आहे की ती पान दुल्सेच्या, म्हणजे मेक्सिकन गोड पावाच्या, डब्याकडे बोट दाखवत असेल.

लांब पल्ल्याचे अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात. ओहायोच्या संशोधकांनी ९७७ मुलांची साडेचार वर्षांच्या सुमाराची निजण्याची वेळ आणि १५ व्या वर्षाचं वजन ताडून पाहिलं. आठच्या आत निजणाऱ्यांत १० टक्के मुलं पुढे लठ्ठ झाली, आठ ते नऊमध्ये निजणाऱ्यांत १६ टक्के, नऊनंतर निजणाऱ्यांत २३ टक्के. असे अभ्यास उशिरा निजणं हेच एकमेव कारण आहे असं सिद्ध करत नाहीत. घरची कमाई, खाणं, शरीराची ठेवण, सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण वजनाशी जोडलेल्या इतक्या गोष्टींपैकी निजायची वेळ ही तुमच्या हातातली आहे. ती बदलायला पैसे लागत नाहीत आणि पोराला उपाशी ठेवावं लागत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करायला सांगते.

आता तुमच्या सासरच्या समाजाबद्दल. मी बारा वर्षं याच शहरातल्या एका दवाखान्यात लहान मुलं तपासली, त्यांतली बहुतेक मेक्सिकन घरांतली होती. २०१७ ते २०२० या काळातले सरकारी आकडे असे: अमेरिकेत २ ते १९ वर्षं वयाच्या हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतल्या, मुलांत २६.२ टक्के लठ्ठ, गोऱ्या मुलांत १६.६ टक्के. बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. एल्सी तावेरास यांनी मुलांच्या पहिल्या काही वर्षांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय घरांतली बाळं तान्हेपणापासूनच कमी झोपतात आणि ती झोपतात त्या खोलीत टीव्ही असण्याचं प्रमाणही जास्त. हे आकडे ऐकून कुणी त्या आयांकडे बोट दाखवलं की माझा जीव कळवळतो. बाप दुसऱ्या पाळीत, आई पहाटे ऑफिसं झाडायला, दोन खोल्यांत सहा माणसं, ज्या खोलीत मूल झोपणार तिथेच सगळ्यांचा टीव्ही. मूल साडेआठला झोपवायला शांत कोपरा लागतो आणि हातात वेळ असलेलं माणूस लागतं. त्या आयांकडे या दोन्हींचीच वानवा असते. तुमच्याकडे सासूबाई आहेत. हे भाग्य आधी मोजा.

खरी गाठ आहे ती बाबाची वाट बघण्याची. तुमच्या पत्रात ते वाक्य वाचलं आणि मी थांबले. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. शेवटची गाडी डेपोत लावून, पैशांचा हिशेब देऊन घरी यायला साडेदहा व्हायचे. आई आम्हाला आठला निजवायची आणि आम्ही कुरकुर केली तरी ऐकायची नाही. पण सकाळी सहाला वडील उठायचे आणि माझ्या दोन वेण्या तेच घालायचे. लाल रिबिनी, एक वेणी वर, एक खाली. शाळेत बाई त्या सोडून पुन्हा घालायच्या. मला आज वडिलांचा रात्रीचा चेहरा आठवत नाही, पण मानेवर त्यांच्या बोटांचा गारवा आठवतो, कारण ते नुकतेच तोंड धुऊन आलेले असायचे.

तुमच्या नवऱ्यालाही सकाळ द्या. लेक पावणेसातला उठेल, बाबाही उठेल, आणि पावणेसात ते साडेसात हा वेळ फक्त त्या दोघांचा. तिला अंडं-तोर्तिया तोच करून देईल, शेवटी किचनमधला माणूस आहे. तिचे केस विंचरेल, डेकेअरला तोच सोडेल. परत येऊन दोन तास झोपेल. हे त्याच्याशी बोलताना ‘तुझ्यामुळे ती जागते’ असं चुकूनही म्हणू नका. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून आलेल्या माणसाला दारात धावत येणारी पोर दिसली की तो सगळा शीण विसरतो. तुम्ही त्याच्याकडून ते काढून घेताय असं त्याला वाटलं, तर तो दोन दिवस ऐकेल आणि तिसऱ्या दिवशी येता येता मुद्दाम दार वाजवेल. त्याची सुट्टी ज्या दिवशी असेल, त्या रात्री निजवायचं काम पूर्ण त्याचं. तुम्ही खोलीतही जाऊ नका.

सुरुवात सकाळपासून करा, रात्रीपासून नाही. आधी उठायची वेळ पावणेसातला पक्की करा, शनिवार-रविवारसकट. दोन-तीन दिवस चिडचिड होईल, ती सोसा. मग निजायची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. साडेअकरावरून सव्वाआठवर यायला साधारण साडेतीन आठवडे लागतील. सव्वाआठ ते पावणेसात साडेदहा तास आणि दुपारचा दीड. बारा तास झाले. डेकेअरमध्ये विचारून घ्या की दुपारची झोप किती वाजता असते. तीननंतर लांबत असेल तर थोडी अलीकडे घ्यायला सांगा.

साडेसातला ती डोळे चोळते असं तुम्ही लिहिलंय. झोप त्या वेळी येऊन दारात उभी असते आणि आपण तिला परत पाठवतो. मग नऊला जी पळापळ सुरू होते तिला लोक ‘अंगात अजून जोर आहे’ म्हणतात. तो जोर नाही, अतिथकवा आहे. झोप मोडून काढलेल्या मुलाचं शरीर स्वतःला जागं ठेवायला धडपडतं, म्हणून ते पळतं, हसतं आणि मधेच विनाकारण रडतं.

उजेडाचं मात्र मनावर घ्या. लहान मुलांचे डोळे उजेडाला फार हळवे असतात. निजण्याआधीच्या तासात प्रखर उजेडात खेळवलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या अंगातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वर्दी देणारं द्रव्य, ८८ टक्क्यांनी उतरलेलं आढळलं होतं. जूनमध्ये सॅन अँटोनिओत साडेआठपर्यंत सूर्य मावळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पलंगाजवळच्या खिडकीला जाड पडदा लावा, नसेल तर जुनी गोधडी चालेल. सव्वासातला मोठे दिवे बंद, कोपऱ्यातला एक छोटा दिवा. फोन आणि टॅब्लेट त्या वेळेनंतर तिच्या नजरेला पडू नयेत. लेकीला निजवल्यावर सासूबाई एखादी मालिका बघत असतील. ती बंद करायला सांगू नका. घर आणि पोर सांभाळणाऱ्या बाईचा तो एकच तास आहे. लेकीच्या खोलीचं दार लावा, आवाज थोडा कमी करायला सांगा, बस्स.

बाटलीबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. आठ औंस, म्हणजे साधारण एक कप, पूर्ण सायीच्या दुधात दीडशेच्या आसपास उष्मांक असतात, चॉकलेटची पूड घातली की आणखी वाढतात. या वयाच्या मुलीची दिवसाची गरज हजाराच्या आसपास. रात्रीची एक आणि पहाटेची एक धरली तर दिवसाच्या गरजेतला जवळजवळ एक तृतीयांश भाग ती झोपेत पिते, आणि जेवणात ते कुणीच मोजत नाही. दोन वर्षांची झाल्यावरही बाटली चालू असलेल्या मुलांत साडेपाचव्या वर्षी २२.९ टक्के लठ्ठ निघाली, बाकीच्यांत १६.१ टक्के. अमेरिकेतल्या जवळपास पावणेसात हजार मुलांच्या पाहणीतले हे आकडे आहेत. शिवाय गोड दूध तोंडात घेऊन झोपलं की पुढचे दात किडतात. मी तीन वर्षांच्या मुलांचे चार-चार दात काढलेले पाहिलेत.

पण एका रात्रीत बाटली हिसकावू नका. आधी चॉकलेट बंद, फक्त साधं दूध. ते पचनी पडलं की दर दोन रात्रींनी एक औंस दूध कमी आणि एक औंस पाणी जास्त. दोन-अडीच आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरेल आणि पहाटे चारला पाण्यासाठी उठण्यात तिला काही गोडी राहणार नाही. दूध बंद करायचं नाहीच, ते जेवताना पेल्यातून द्या. दिवसाला दोन कप पुरे, आता दोन वर्षं पूर्ण झाल्यामुळे कमी सायीचं चालेल. फळांचा रस दिवसाला चार औंसांच्या वर नको, नाही दिला तर उत्तम.

एकत्र झोपण्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या पलंगावर झोपवणं धोक्याचं आहे, तो इशारा खरा आणि गंभीर. तुमची लेक त्या वयापुढे गेली आहे. मेक्सिकन घरांत मूल आईच्या कुशीत झोपतं, सांगलीतही तेच. मला त्यात वजन वाढवणारं काही दिसत नाही. फक्त एक बघा, मोठी माणसं रात्री अकराला दिवा लावून पलंगावर येतात, फोन बघतात, तेव्हा ती चाळवते का? चाळवत असेल तर पलंगाला लागून तिची छोटी गादी घाला. हात पुरेल एवढ्या अंतरावर.

आता सासूबाई. ‘लठ्ठ’ हा शब्द त्यांच्यासमोर नको, कुठल्याच भाषेत नको. त्यांच्या पिढीने पोटाच्या विकारांनी आणि अशक्तपणाने गेलेली बाळं पाहिली असतील. भरलेलं बाळ म्हणजे वाचलेलं बाळ, हा हिशेब त्यांनी वाचून नाही, सोसून शिकलेला असतो. तुमच्या आईचं बाळसंही तिथूनच येतं. आपल्याकडे काजळाची तीट लावतात, त्यांच्याकडे बाळाच्या मनगटाला हरणाच्या डोळ्यासारखी दिसणारी बी लाल दोऱ्यात ओवून बांधतात. ‘ओहो दे वेनादो’ म्हणतात तिला. दोन्ही आज्ज्या एकाच भीतीला एकच उत्तर देताहेत. हे तुम्ही त्यांना सांगितलंत तर मला वाटतं त्या तुम्हाला जवळ घेतील.

माझ्या दवाखान्यात एक आजी नातवाला घेऊन यायच्या. तोही असाच अकराला झोपणारा. मी त्यांना झोपेचे तास सांगत बसले नाही. विचारलं, तुमच्या गावात तुम्ही लहानपणी कधी झोपायचात? त्या खुर्चीत जरा मागे टेकल्या. म्हणाल्या, कोंबड्या मेस्कीटच्या झाडावर चढल्या की आई आम्हाला आत घ्यायची, वीज नव्हती, तेलाचा दिवा होता, तेल महाग. मग स्वतःच नातवाकडे बघून म्हणाल्या, ‘पोब्रेसीतो’, बिचारा, याला कोंबड्याच नाहीत. पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा पोरगा साडेआठला झोपत होता आणि आजी मला सगळं समजावून सांगत होत्या, जणू मला ते माहीतच नव्हतं. मी ऐकून घेतलं, मधे एक शब्द बोलले नाही.

तर सासूबाईंना सूचना देऊ नका, प्रश्न विचारा. त्यांच्या आईने त्यांना कसं निजवलं, काय गुणगुणायच्या, काय खाऊ घालून निजवायच्या. निजवण्याचं काम त्यांच्याच हाती ठेवा, फक्त ते तीन तास अलीकडे आणा. आंघोळ, दात, पुस्तक किंवा गोष्ट, अंगाई, रोज त्याच क्रमाने. अंगाई त्यांच्या भाषेतली असू द्या, एखादी तुमच्या आईची. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि स्पॅनिश बोलणारे डॉक्टर किंवा दुभाषी मागा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी समोर बसून सांगितलेलं, दोन्हींत फरक पडतो.

वजन कमी करायच्या मागे लागू नका. या वयात मूल बारीक करायचं नसतं. उंची वाढत राहते, वजन थोडं संथ चाललं की तक्त्यावरची रेघ आपोआप खाली येते. तिच्या ताटातलं काही काढून घेऊ नका, तिच्यासमोर तिच्या पोटाबद्दल बोलू नका, दर आठवड्याला काट्यावर उभं करू नका. आणि दुकानात मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नकोत.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ती घोरते का? आज ती झोपल्यावर अर्धा तास तिच्याजवळ बसा. श्वास मोठ्याने येतो का, मधे थांबून दचकल्यासारखा परत सुरू होतो का, तोंड उघडं असतं का, उशी घामाने ओली होते का, ते बघा आणि फोनवर एक-दोन मिनिटं टिपून घ्या. आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागची गाठ तपासून घ्यावी लागेल, मग नुसती वेळ बदलून भागणार नाही. आणि इतकं दूध पिणाऱ्या मुलांत लोह कमी असण्याची शक्यता बरीच असते, त्याने झोप आणखी चाळवते. पुढच्या भेटीत रक्ताची ती साधी तपासणी करून घ्या, आणि घोरण्याचं काय दिसलं ते मला कळवा.